केबिन ट्रॉली की सॅक?

इंडिगोत केबिन बॅगेला 7 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 115 सेंटीमीटर एवढीच मुभा. त्यामुळे खरा प्रश्न रिकाम्या बॅगेच्या वजनाचा. चाकं, दांडा आणि कडक कवच धरून ट्रॉलीच अडीच-तीन किलो खाते. कपड्यांना जेमतेम चार किलो उरतात. साधी सॅक किलोभराची, म्हणजे आईने दिलेला लाडवांचा डबाही बसतो. एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचा कप्पा बुटका. तिथे ट्रॉली अडते, सॅक दाबून सरकवता येते. इस्त्रीचे शर्ट मात्र ट्रॉलीतच नीट राहतात. पाठ दुखत असेल तर ट्रॉलीच घ्या. बाकीच्यांनी सॅक घ्यावी, तीही समोरून पूर्ण उघडणारी. नाहीतर तळातला चार्जर काढायला सगळी बॅग उपसावी लागते.