पंक्चर किट आणि हवेचा पंप: दहापैकी एक वात उरली

जूनमध्ये घेतलं, आता फेब्रुवारी चाललाय. आठ महिने झाले, म्हणून लिहितोय. घेतल्या आठवड्यातच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो, कारण तोवर डबा उघडलाच नव्हता.

डब्यात टी-आकाराच्या मुठीची दोन हत्यारं (एक कानशीसारखं खरखरीत, दुसरं सुईसारखं नेढ्याचं), दहा रबरी वाती, सोल्यूशनची बोटभर ट्यूब आणि एक पाती. किट साडेतीनशेला पडलं. बारा व्होल्टचा पंप वेगळा, चौदाशेला. दुकानदार वातीला काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता, पण दिसते समईतल्या वातीसारखी, म्हणून मी वातच म्हणतो. गाडी दीडशे सीसीची, जुनी, कार्ब्युरेटरवाली. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नाही, भोक बाहेरूनच वातीनं बुजवायचं.

पहिला वापर जुलैतल्या रविवारच्या राइडला. सहाला बेळगावात आरपीडी क्रॉसला जमायचं, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट, दुपारी जेवायला घरी. आठ गाड्या. आमच्यात सगळ्यात मागं आबा असतात, वय साठीला आलंय. मागं राहिलेल्याला सोडून पुढं जायचं नाही ही त्यांची शिस्त. त्या दिवशी मागं राहणारा मीच, आणि तेही तीनदा.

किणये सोडलं, कुसमळीच्या अलीकडं मागचं चाक लोण्यावरून चालल्यासारखं डुलायला लागलं. उतरून बघतो तर टायरात मधोमध खिळा, बैलगाडीला मारतात तसा चौकोनी डोक्याचा. मधोमध होता हे नशीब. बाजूच्या भिंतीला भोक असतं तर वातीचा उपयोग नव्हता, टायरच काढावा लागला असता.

खिळा पकडीनं काढला आणि कानशीचं हत्यार भोकात घातलं. इथं किटची पहिली खोड कळली. मूठ प्लॅस्टिकची आहे. नवा टायर आतून तारांच्या जाळीचा नसला तरी चिवट असतो, खिळा ज्या तिरकसपणानं गेला त्याच तिरकसपणानं जोर लावून वीसेक वेळा आत-बाहेर करावं लागतं. सातव्या-आठव्या वेळेला मुठीला चीर गेली. आबांनी गळ्यातला पंचा दिला, तो गुंडाळून उरलेलं काम केलं. वात नेढ्यात अर्धी ओवली, सोल्यूशन चोपडलं, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील एवढी आत रेटली आणि हत्यार न फिरवता सरळ हिसका देऊन ओढलं. वात आत राहिली. तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

आता हवा. पंप काढला आणि हँडलजवळ मोबाईलसाठी बसवून घेतलेल्या सॉकेटात खुपसला. खटाखट चार ठोके, आणि गप्प. फ्यूज गेला. हॉर्न गेला, इंडिकेटर गेले, ब्रेकचा दिवा गेला. फ्यूजच्या डबीत एक राखीव असतो, तो बसवला. आणि मग मी शहाण्यानं काय केलं? पंप पुन्हा त्याच सॉकेटला लावला.

आबा म्हणाले, "आज कुणाचं तोंड बघून निघालास रे?"

आठ-दहा अँपिअर खाणारा पंप मोबाईलच्या वायरीवर चालत नाही, तो थेट बॅटरीवर चिमट्यांनी लावायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. हे पंपाच्या खोक्यावर लिहिलेलंही आहे, मुंगीच्या अक्षरात. चिमटे सोबत आले होते, पण मी ते घरी कपाटात ठेवलेले, डबा जाडा होतोय म्हणून.

गोव्याला भाजी घेऊन चाललेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं माझ्या चौदाशेच्या पंपाकडं बघितलं, "इदु आगंगिल्ल बिड्री" (हे काही व्हायचं नाही, सोडा) असं कन्नडमध्ये म्हणाला आणि सीटखालून पायानं मारायचा गंजका पंप काढला. पाच मिनिटांत टायर टणक. पैसे विचारले तर नुसता हसला आणि गिअर टाकून निघून गेला.

कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी चाक पुन्हा बसलं. यात किटचा दोष अर्धाच. ओल्या भोकात सोल्यूशन धरत नाही, आणि वातीची बाहेरची टोकं मी अगदी टायराच्या पातळीला छाटली होती. दोन-तीन मिलिमीटर ठेवावी लागतात, गाडी चालली की ती दबून टाचतात. देवळाच्या आडोशाला भोक फडक्यानं कोरडं केलं. दुसरी वात अर्ध्यात तुटली, तिसरी पहिलीच्या बगलेला घुसवली. हवेसाठी आबांनी स्वतःची सीट उघडून बॅटरीच्या दोन टोकांना वायरी धरल्या. पंप चालला, पण ते बघून कुणी शिकू नये. पुढच्या गटाचा मेसेज तिथं रेंज आल्यावर पोचला: 'चहा संपला, भजी संपली, कुठं हाईस?' चोर्ल्याला मी गेलोच नाही. येताना जांबोटीच्या जंगलात धुकं, मला हॉर्न नाही, ब्रेकचा दिवा नाही. आबा माझ्या मागं चिकटून, त्यांचा दिवा माझ्या वाट्याला.

तेव्हा किट फेकून द्यायच्या बेतात होतो. दिलं नाही ते बरं झालं. एका भोकातल्या त्या दोन वाती टायर बदलेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, टिकल्या. निपाणी, चंदगडमार्गे आंबोली, सगळीकडं फिरलो, हवा कमी झाली नाही. ऊस हंगामात संकेश्वरच्या बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना दोनदा तारेचे तुकडे लागले, दोन्ही वेळा पंधरा मिनिटांत मोकळा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर एका नवरा-बायकोच्या गाडीला दोन वाती घातल्या. बाईंनी हातावर भंडारा आणि केळी ठेवली.

मधल्या काळात केलेले बदल सांगतो. मूठ रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी टी घेऊन बदलली. सोल्यूशन एकदा उघडलं की तीन महिन्यांत आत दगड होतं, म्हणून सायकलच्या दुकानातून छोटी ट्यूब घेऊन न उघडता ठेवतो. डब्यातली पाती बोथट, तिच्याऐवजी ब्लेड. तीन फ्यूज, ते मात्र सीटखाली.

पंपाबद्दल मत मध्यम. रिकाम्या टायरात तीस पाउंड भरायला पाच-सहा मिनिटं घेतो, तोवर हात लावता येत नाही इतका तापतो. काटा पेट्रोल पंपावरच्यापेक्षा दोन-तीन पाउंड जास्त दाखवतो, हे धरून भरायचं. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पुन्हा घेणार नाही, पायाचा घेईन.

किट पुन्हा घेईन, तेच. वात एकच उरलीय, मागवायची आहे. आबा दर रविवारी आरपीडीला भेटले की पहिल्यांदा विचारतात, "चिमटे घेतलास काय?"