ओट्याखालच्या ट्रॉल्यांना चुंबकी लॉक: वापरून काय वाटलं

लहान मुलाने ट्रॉल्या उघडू नयेत म्हणून लॉक हवं असेल आणि शटर प्लायचं असेल, तर चुंबकी लॉक डोळे झाकून घ्या. सिलिंडरच्या कपाटाला मात्र ते लावू नका, आणि ट्रॉल्या कडप्प्याच्या ओट्यात बसवलेल्या असतील तर लॉकबरोबर येणाऱ्या चिकटपट्टीवर भिस्त ठेवू नका. पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून सविस्तर सांगतो.

मी एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर होतो, आता निवृत्त होऊन सांगलीत असतो. मुलगा-सून नोकरीला जातात आणि नात दिवसभर आम्हा दोघांकडे. पोर सव्वा वर्षाची आहे. पाय फुटल्यापासून तिचा मुक्काम स्वयंपाकघरात. ट्रॉलीचं हँडल दोन्ही हातांनी धरते, मागे रेलते, आणि ट्रॉली बाहेर आली की एकेक भांडं काढून फरशीवर मांडते. हल्लीच्या चॅनेलवर, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांवर, भरलेली ट्रॉलीसुद्धा बोटाने सरकते. आणि आपल्याकडे विळी, किसणी, सुऱ्या, मिक्सरची पाती, सगळं ओट्याखालीच.

लॉक साधं आहे. शटरच्या आतून प्लास्टिकची खिटी बसते आणि समोर चौकटीवर तिची पकड. शटर लावलं की खिटी आपोआप अडकते. बाहेरून नेमक्या जागी चुंबकाची गोल चावी टेकवली की खिटी ओढली जाते आणि शटर सुटतं. बाहेर काहीच दिसत नाही, त्यामुळे लहान मुलाला चाळवायला काही सापडत नाही. हाच याचा सगळ्यात मोठा गुण. १८-१९ मिलिमीटर प्लाय, म्हणजे सुतार ज्याला पाऊण इंची म्हणतात, त्यातून चावी व्यवस्थित ओढते. वर सनमायका असला तरी फरक पडत नाही. लोखंडी पत्र्याच्या कपाटाला मात्र उपयोग नाही, चुंबकाचा जोर पत्र्यातच मुरतो. घेण्याआधी फ्रीजवरचं एखादं चुंबक शटरला लावून बघा. ते चिकटलं तर हे लॉक तुमच्या कामाचं नाही.

आता कडप्पा. नव्या फ्लॅटमध्ये ट्रॉलीभोवती प्लायचा सांगाडा असतो, तिथे प्रश्न नाही. पण आमच्यासारख्या जुन्या घरात उभ्या कडप्प्यावर ग्रॅनाइट टाकलेलं असतं आणि ट्रॉल्या त्या कडप्प्यांच्या मधे. लॉकची पकड बसवायला लाकूडच नाही. कडप्प्याचा आतला भाग खरखरीत, त्यात वर्षानुवर्षांचा तेलकट थर. चिकटपट्टी तिथे धरत नाही. ड्रिल मारायला जाल तर कडप्प्याचे पापुद्रे निघतात, कडेजवळ तर सरळ टवका उडतो. मी केलं ते असं: कडप्पा आधी पॉलिश पेपरने घासला, स्पिरिटने पुसला, आणि दोन ट्यूबांचं एपॉक्सी कालवून सागवानाची दोन बोटं रुंद पट्टी चिकटवली. रात्रभर टेकू देऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या पट्टीवर स्क्रूने पकड बसवली. शटरमध्ये खिटी बसवायला स्क्रू मात्र अर्धा इंचीच घ्या, लांब घेतलात तर शटरच्या दर्शनी बाजूने टोक बाहेर येईल. तेव्हापासून ती पट्टी तसूभर हललेली नाही आणि नात ट्रॉली पूर्ण ताकदीने ओढते.

भाड्याच्या घरात स्क्रू मारता येत नाही, हे मान्य. तिथे सनमायक्यावर चिकटपट्टी चालेल, पण जागा तेलकट नको आणि चिकटवल्यावर निदान एक दिवस शटरला हात लावू नका. सिंकखाली तर चिकटपट्टी नकोच. पावसाळ्यात तिथे दमट असतं आणि पट्टी हळूहळू सोडते.

दुसरे दोन प्रकारही घरात वापरून पाहिले. स्प्रिंगची प्लास्टिक खिटी स्वस्त मिळते, पण तिची रचनाच अशी की ड्रॉवर थोडा उघडतो, मग अडतो आणि आपण फटीतून बोट घालून खिटी दाबायची. त्याच फटीत मुलाचं बोट जातं. मी ती काढून टाकली. पट्ट्याचं लॉक, ज्याची दोन बटणं एकदम दाबावी लागतात, ते पक्कं असतं. पण आमच्या सौभाग्यवतींना संधिवात आहे, त्यांच्या अंगठ्याला तेवढा जोर लावता येत नाही. चुंबकाची चावी त्या सहज वापरतात. घरात वयस्कर माणूस मूल सांभाळत असेल तर लॉक आधी त्या माणसाच्या हातून उघडून बघा, सून-मुलाच्या नव्हे.

सिलिंडरचं कपाट वेगळं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर तळाशी साचते. म्हणून त्या शटरला खाली भोकं किंवा जाळी हवीच, आणि रेग्युलेटर बंद करायला हात क्षणात पोचला पाहिजे. त्या वेळी चावी शोधत कोण बसणार? तिथे मी पितळी कडी लावली, शटरच्या अगदी वरच्या कडेला, पोरीच्या हाताबाहेर. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही ती दाखवून ठेवली आहे.

आणि काही वस्तूंना लॉक हा उपाय मी मानतच नाही. संडासाचं अ‍ॅसिड, तुंबलेल्या पाइपात टाकायची कॉस्टिक पावडर, फिनेल, डासांच्या मशीनच्या बाटल्या, डांबरगोळ्या, सगळं सिंकखालून उचलून माळ्यावर गेलं. दारावर सुटं मिळणारं फिनेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवायची पद्धत तर कृपा करून बंद करा. बटण सेलही वर ठेवा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून गंभीर भाजतो. असलं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र २४ तास चालू असतं, १८०० ११६ ११७. हा नंबर आमच्या फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे.

एक ट्रॉली मी मुद्दाम बिनलॉकची ठेवली आहे. तिच्यात स्टीलच्या वाट्या, पळी, चाळणी, लाकडी लाटणं, झाकणाचे हलके डबे. नात डब्यात वाटी घालते, झाकण लावायचा प्रयत्न करते, लागलं नाही की डबा माझ्याकडे आणून देते. आजी पोळ्या करते तोवर हे चालू असतं. हा कोपरा मुलाला द्याच, नाहीतर ते दिवसभर बंद शटरांशी झगडत राहील.

लॉकला एक छोटा खटका आहे, तो सरकवला की लॉक निष्क्रिय होतं. सणाला घर भरलं आणि दहा जणी स्वयंपाकात असल्या की फार सोयीचं.

आमच्या पाकिटात आठ लॉक आणि दोन चाव्या आल्या. चावी आम्ही एक्झॉस्ट फॅनच्या बाजूच्या खिळ्याला टांगतो, आणि वापरून झाली की तिथेच जाते. तिच्यात जोरदार चुंबक असतं, म्हणून पेसमेकर असलेल्या माणसाने ती छातीपासून निदान सहा इंच दूर धरावी, शर्टाच्या खिशात तर कधीच ठेवू नये. चावीच्या प्लास्टिकला तडा गेला तर ती लगेच बदला, आतलं चुंबक सुटून मुलाच्या हाती लागणं धोक्याचं. काही ठिकाणी चावी वेगळी विकत मिळते, लॉक मागवतानाच एक जास्तीची घ्या.