इंदूरहून बटुग्रह पाहायचे तर कुठला, कोणत्या महिन्यात आणि कशाने

पंचांगात किंवा ॲपमध्ये प्रतियुतीची तारीख दिसली की ‘हीच सर्वांत चांगली रात्र’ असं आपण धरून चालतो. प्रतियुतीला ग्रह सूर्याच्या बरोबर समोर असतो, रात्रभर दिसतो आणि सर्वांत तेजस्वीही असतो, म्हणून हे एरवी बरोबर आहे. पण इंदूरला जून मध्य ते सप्टेंबरअखेर पाऊस असतो आणि चंद्र काही आपल्या सोयीने उगवत नाही. त्यामुळे इथे प्रतियुतीची तारीख नुसती ओळखीची खूण मानावी आणि खरी रात्र अमावास्या व ढग पाहून ठरवावी. 2026-27 या मोसमासाठी पाचही बटुग्रह (सूर्याभोवती फिरणारे, ग्रहांहून लहान पिंड) या कसोटीवर असे उतरतात:

| बटुग्रह | प्रत (सुमारे) | तारकासमूह | प्रतियुती | इंदूरहून कमाल उंची |
|---|---|---|---|---|
| सेरेस | 7 | मिथुन | जानेवारी 2027, पहिला पंधरवडा | 80 अंशांच्या वर |
| प्लूटो | 14.4 | मकर | जुलैअखेर | 44 अंश |
| माकेमाके | 17.1 | अरुंधती केश | मार्चअखेर | जवळपास डोक्यावर |
| हौमिया | 17.3 | भूतप | एप्रिल | 80 अंशांच्या वर |
| एरिस | 18.7 | तिमी | ऑक्टोबर मध्य | 66 अंश |

प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी होतं. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. या हिशेबाने सेरेस प्लूटोपेक्षा सुमारे हजार पट तेजस्वी दिसतो. म्हणून ‘बटुग्रह बघायचाय’ एवढंच मनात असेल तर निवड फारशी अवघड नाही. सेरेस बघा.

सेरेस. 10×50 ची द्विनेत्री पुरते. सुदामानगरच्या गच्चीवरूनही सातव्या प्रतीचा ठिपका तीत दिसतो, मात्र रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येता कामा नये. योग असा की 7 जानेवारी 2027 ला मार्गशीर्ष अमावास्या आहे, म्हणजे सेरेस सर्वांत तेजस्वी असतानाच आकाशात चंद्र नाही. ही संधी सोडू नये. पुढची प्रतियुती 2028 च्या उन्हाळ्यात येते आणि त्यानंतरची ऑगस्ट 2029 मध्ये, ऐन पावसात.

शोधताना पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपासून सुरुवात करावी. नवव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा छापून घ्या, त्या भागातले तारे कागदावर टिपा आणि दोन रात्रींनी पुन्हा पाहा. प्रतियुतीच्या सुमारास सेरेस रोज चंद्राच्या जवळपास निम्म्या रुंदीइतका सरकतो. जागा बदललेला ठिपका म्हणजे सेरेस. एकाच रात्रीच्या निरीक्षणावर ‘दिसला’ म्हणू नये, मिथुनेत त्या प्रतीचे तारे कमी नाहीत.

एक अडचण मात्र इंदूरकरांच्या वाट्याची आहे. सेरेस जवळजवळ माथ्यावरून जातो आणि डॉब्सन दुर्बीण (फिरत्या लाकडी तळावर बसवलेली साधी आरशाची दुर्बीण) तिथेच अडते. खूप वर रोखल्यावर थोडं बाजूला सरकायचं तर सगळा तळ गरगर फिरवावा लागतो. द्विनेत्रीवाल्याची मानही अवघडते. शिवाय इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला आहे. घड्याळ इथे सूर्यापेक्षा साधारण 27 मिनिटं पुढे चालतं, म्हणून सेरेस माथ्यावर यायला साडेबारा वाजतात. तेवढी वाट न बघता रात्री साडेनऊ-दहाला, तो पूर्वेला 50 अंशांच्या आसपास असतानाच पाहावा. पहाटेपर्यंत थांबलात तर जानेवारीत धुक्याचा धोका आहे.

प्लूटो. इथे पंचांग आणि पावसाळा यांचं भांडण सर्वांत स्पष्ट दिसतं. 2026 ची प्रतियुती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आहे. वर ढग, आणि 29 जुलैला गुरुपौर्णिमेचा पूर्ण चंद्र. ती तारीख सरळ सोडून द्या. प्रतियुतीनंतर दोन-अडीच महिन्यांनी प्लूटोचं तेज नगण्यच घटतं, कारण पृथ्वीपासूनचं त्याचं अंतर सुमारे 35 खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आहे आणि त्यात आपली एक-दीड एककाची हालचाल फारशी जाणवत नाही.

म्हणून प्लूटोसाठी सर्वपित्री अमावास्या, 10 ऑक्टोबर 2026. संध्याकाळी साडेसातच्या थोडं पुढे तो नेमका दक्षिणेला, 44 अंशांवर असतो आणि तोवर संधिप्रकाशही संपलेला असतो. युरोपातल्या निरीक्षकांना तो क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात शोधावा लागतो. आपल्याला अक्षांशाचा हा फायदा आहे, तर घ्यावा.

डोळ्यांनी पाहायचा तर किमान 10 इंची, खरं तर 12 इंची दुर्बीण हवी आणि शहराबाहेर जायला हवं. दिशा निवडताना चूक होते ती अशी: उज्जैन रस्त्यावर गेलं की इंदूरचा उजेड दक्षिणेला पडतो आणि प्लूटो त्याच उजेडात बुडतो. महूच्या पुढे जानापावकडे गेलं तर इंदूर आणि पीथमपूर पाठीमागे राहतात, समोर विंध्याचा उतार आणि तुलनेने काळोखी दक्षिण. डोळे अर्धा तास अंधाराला सरावू द्या, मोबाइल खिशातच ठेवा, 200 पटींच्या पुढचं वर्धन लावा म्हणजे पार्श्वभूमी काळवंडते, आणि तिरक्या नजरेने पाहा. 15 व्या प्रतीपर्यंतचा नकाशा नसेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो.

कॅमेऱ्याने मात्र काम बरंच सोपं होतं. 50 मिलिमीटरची स्मार्ट दुर्बीण 10-10 सेकंदांचे फोटो 15-20 मिनिटं साठवून प्लूटो टिपते. पण ऑक्टोबरच्या मध्याला प्लूटो स्तंभी असतो, म्हणजे वक्री गती संपवून जवळपास थांबलेला. ‘दुसऱ्या रात्री सरकला का बघू’ ही युक्ती तेव्हा चालत नाही. ठिपका जागचा हलत नाही म्हणून तो तारा समजून सोडून देण्याची चूक इथे हमखास होते. उपाय असा: 10 ऑक्टोबरचा फोटो ठेवून द्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अंधार पडताच, तोच भाग पुन्हा टिपा. तोवर प्लूटो काही कोनीय मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकलेला असेल. हे 8 नोव्हेंबरच्या दिवाळीआधी उरका, नाही तर फटाक्यांच्या धुराने 14 वी प्रत हाती लागायची नाही.

उरलेले तिघे डोळ्यांनी पाहायचा विचारच नको. आठ इंची न्यूटोनियन, विषुववृत्तीय माउंट आणि थंड केलेला कॅमेरा असेल तरच पुढे वाचा.

तिघांत पहिला माकेमाके. 7 एप्रिल 2027 च्या गुढीपाडव्याआधीची रात्र अमावास्येची असते आणि तो पाऊण ते एकच्या सुमारास माथ्यावर येतो. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) आटोपली की तयारीला लागावं. त्याच रात्री दोनच्या सुमारास हौमिया माथ्याजवळ येतो, स्वाती ताऱ्याच्या भागात. दोन्ही एकाच बैठकीत होतात. हौमियाला वेगळा वेळ द्यायचा तो एकाच कारणासाठी: लांबट आकाराचा हा गोळा 3.9 तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याचं तेज पाव प्रतीने वरखाली होतं. ते मोजायचं तर आठ इंच अपुरेच पडतात.

एरिसला 10 ऑक्टोबरचीच रात्र द्यावी. संध्याकाळी प्लूटो, मग रात्री एकच्या सुमारास दक्षिणेला 66 अंशांवर एरिस. 18.7 प्रतीसाठी एकेका मिनिटाचे शंभरेक फोटो लागतील. तो सुमारे 96 एककांवर आहे आणि तासाला जेमतेम दीड विकला (कोनीय मिनिटाचा साठावा भाग म्हणजे विकला) सरकतो. दोन तासांच्या फोटोंतून त्याची हालचाल शोधणं व्यर्थ. लागोपाठ दोन रात्री हव्यात, तेव्हा अर्ध्या कोनीय मिनिटाहून थोडा जास्त फरक दिसतो.

या मंद पिंडांच्या बाबतीत फसगत बहुतेक वेळा आकाशाने होत नाही, आकड्यांनी होते. जुन्या कक्षेवर चालणारं सॉफ्टवेअर भलतीच जागा दाखवतं, म्हणून स्थान नासाच्या जेपीएल होरायझन्स या संकेतस्थळावरून घ्यावं. नावाऐवजी क्रमांक टाकावा: सेरेस ‘1;’ (अर्धविरामासह, नुसता 1 टाकला तर बुध येतो), प्लूटो 134340, हौमिया 136108, एरिस 136199, माकेमाके 136472. तिथली वेळ जागतिक असते, तीत साडेपाच तास मिळवायला विसरू नका. आणि विषुवांश (आकाशातले रेखांशासारखे निर्देशांक) 2000 सालच्या पद्धतीचे आहेत की आजच्या तारखेचे, ते दुर्बिणीला जुळवून पाहा. 26 वर्षांच्या परांचनाने (पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्याने) दोन्हींत चंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीइतका फरक पडतो, आणि लहान चिपच्या कॅमेऱ्यात तेवढ्याने पिंड चौकटीबाहेर जातो.