कॅप्सूलच्या आदल्या रात्री काय प्यायचं: छोटी बाटली की दोन लिटर पावडर

माझं हिमोग्लोबिन सारखं खाली येत होतं म्हणून आधी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली, तिच्यात काही सापडेना म्हणून महिन्याभराने आतड्याचे फोटो काढणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळली, त्यामुळे पोट साफ करायची दोन्ही औषधं पिऊन झालीयेत. आधी फॉस्फेटची ४५ मिलीची बाटली, नंतर पेगची (पॉलिएथिलिन ग्लायकॉल) पावडर.

चव दोन्हीची वाईटच. पेग म्हणजे खारट, बुळबुळीत पाणी, तेही पाव लिटरचे आठ ग्लास, दर पंधरा मिनिटांनी एक, सहाव्याला पोट ढोलासारखं तट्ट. त्यापुढे बाटली किती सोपी वाटते, लिंबू सोड्यात ओतली की दोन मिनिटांत काम फत्ते! पण शेवटचा घोट खाली जायच्या आत सगळं वर आलं, अर्धं तरी बेसिनमध्ये गेलं. आता पोटात राहिलं किती? बायको म्हणाली दुसरी बाटली आणू का, पण ते मनाने दुप्पट घ्यायचं औषध नव्हे, रात्रीचे साडेदहा, क्लिनिकचा फोन कोणी उचलेना, रात्रभर डोक्यात तोच हिशोब. पेगचा एखादा ग्लास उलटला तर एवढं टेन्शन नाही, थोडं थांबून पुढचा हळूहळू घेता येतो.

आणि कोलोनोस्कोपीत निदान डॉक्टर आत पाणी मारून धुऊन तरी घेतात. कॅप्सूलला तसली सोय नाही, आतडं नेईल तशी जाते नि समोर जे येईल त्याचे फोटो काढते. आतला फेस जिरवायला सिमेथिकोन नावाचं औषध देतात ते वेगळं.

बाटली अनेकांना पचते, माझ्या मेव्हण्याला काहीच झालं नाही. पण फॉस्फेट अंगातलं पाणी आतड्यात ओढतं, किडनीला धोका म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये इशाराही दिलाय, तेव्हा किडनीचा त्रास, बीपीच्या गोळ्या किंवा वय झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पेग रक्तात जवळजवळ जात नाही, आणि युरोपातली एंडोस्कोपी सोसायटीसुद्धा कॅप्सूलसाठी दोन लिटर पेगच सुचवते.

पेग ठरलं तर पावडर दुपारीच कालवून जग फ्रिजमध्ये ठेवा, गार झालं की बुळबुळीतपणा कमी लागतो, आणि स्ट्रॉने प्या. मी मधेमधे लिंबाची फोड चाटत होतो. कोकम सरबत मात्र नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.