डावखुऱ्या हाताला कोणता गेमिंग माउस चालतो

यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून डावखुऱ्याने माउस निवडू नये. तिथलं सगळं बोलणं उजव्या हाताचं. आपल्या वाट्याला शेवटी एक वाक्य येतं, 'आकार सिमेट्रिकल आहे, डावखुऱ्यांनाही चालून जाईल.' चालून जात नाही. मी नौपाड्यात राहते, डाव्या हाताने व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळते. घरात पीसी एकच आणि त्यावर दादाही खेळतो, तो उजव्या हाताने, आणि त्याचा पंजा माझ्या दीडपट. म्हणून कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना एकेक माउस कायम लावलेला असतो. विंडोज दोघांचंही ऐकतं. आमचे आणि मित्रमंडळींचे मिळून बरेच माउस हाताखालून गेलेत, त्या जोरावर लिहितेय.

दादाचा माउस रेझरचा डेथॲडर इसेन्शियल. 127 मिमी लांब, 96 ग्रॅम, पाठ डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरती. त्याचा अख्खा पंजा त्यावर टेकतो, बोटं आपोआप बटणांवर येतात. पंजा मोठा आणि हात उजवा असेल तर दीड-दोन हजारांत दुसरं काही शोधत बसू नका. माझ्या डाव्या हातात मात्र तो उतार नेमका उलटा पडतो. करंगळी चढावर, अंगठा घसरणीवर, आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळतं. डावखुऱ्यांनी याच्याकडे बघायचंही नाही.

लॉजिटेकचा जी102 दोन्ही बाजूंनी सारखा. 85 ग्रॅम, डेथॲडरपेक्षा सेंटिमीटरभर आखूड, लहान पंजात छान बसतो. खरी गंमत बाजूच्या दोन बटणांची. ती फक्त डावीकडे, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. डाव्या हातात ती अनामिकेखाली येतात. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस सरकवल्यावर खेळातली नजर किती फिरते ते, कमी ठेवणारे लोक माउस सारखा उचलून पुन्हा मधे आणतात. उचलताना आपण तो अंगठा आणि अनामिका यांच्यातच दाबून धरतो, आणि त्या दाबाने बटण लागतं. समोरून कोणी कोपऱ्यातून डोकावतंय आणि ऐन वेळी बंदुकीऐवजी भलतीच ॲबिलिटी, म्हणजे पात्राची खास शक्ती, हातात येते. इलाज सोपा आहे: जी हब या लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ती दोन्ही बटणं बंद करायची. उजव्या क्लिकवर फायर द्यायचं ते खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये द्या, कारण विंडोजमधली डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल काही खेळ जुमानतच नाहीत. पण एवढं करून हातातलं सगळ्यात ताकदवान बोट, अंगठा, कोऱ्या प्लास्टिकवर नुसतं टेकून राहतं. त्याचं काम मी कीबोर्डवर ढकललंय: चालायला आय-जे-के-एल, आणि ॲबिलिटी भोवतीच्या यू, ओ, पी वर.

डीपीआय म्हणजे माउस इंचभर सरकवला की तो किती ठिपके मोजतो तो आकडा; त्याला भुलू नका. जी102 च्या खोक्यावर 8000, डेथॲडर इसेन्शियलच्या 6400, महागड्यांवर 25000 च्या पुढे. मी 800 वर खेळते, व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी 0.35. या हिशोबाने खेळात पूर्ण गिरकी घ्यायला माउस सुमारे 47 सेंटिमीटर सरकवावा लागतो. एवढ्या अंतरात नेम हळूहळू, मनासारखा बसतो. 8000 वर तीच गिरकी पाच सेंटिमीटरच्या आत होईल आणि नेम धरणं अशक्य होईल. पैसे घालायचे तर मोठ्या पॅडवर घाला. पोलिंग रेट, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो, तेवढा बघा: ऑफिसचा साधा माउस बहुधा 125 हर्ट्झचा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी कळवणारा, या सगळ्या माउसांचा 1000 हर्ट्झ, म्हणजे दर 1 मिलिसेकंदाला.

वायरलेस हवा तर लॉजिटेकचाच जी304. आकार तंतोतंत जी102 चाच, बटणांची अडचणही तीच. पण डावखुऱ्यांना वायर नसण्याचा फायदा उजव्यांपेक्षा जास्त. बहुतेक कॉम्प्युटर टेबलांत सीपीयूची जागा उजवीकडे असते, त्यामुळे आपली वायर कीबोर्डच्या मागून आडवी येते आणि मॉनिटरच्या पायाला अडकते. एका पेन्सिल सेलवर हा 250 तासांपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. सेलसकट वजन 99 ग्रॅम, आणि तो भार मागच्या बाजूला जाणवतो. लिथियमचा सेल घातला की सातआठ ग्रॅम कमी होतात. रात्रभर खेळणाऱ्याने तो खर्च जरूर करावा.

मला मनापासून आवडतो तो रेझरचा व्हायपर मिनी. 61 ग्रॅम, अंगाने सडपातळ. तीन बोटांत धरला की हातात काही आहे असं वाटत नाही. याचे मुख्य स्विच ऑप्टिकल आहेत. साध्या स्विचमध्ये धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. त्या झिजल्या किंवा त्यांवर थर बसला की एका दाबाचे दोन क्लिक होऊ लागतात. ऑप्टिकलमध्ये प्रकाशाचा किरण कापला किंवा सुटला की क्लिक, त्यामुळे ही भानगड नाही. बाजूची बटणं मात्र इथेही डावीकडेच.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे. दोन्ही बाजूंना बटणं देणं अवघड नव्हतं, देऊन झालं होतं. 2018 च्या लॉजिटेक जी प्रो वायरलेसला बाजूची बटणं चुंबकाने बसतात. डावीकडची काढून झाकण लावायचं आणि उजवीकडे बटणं. वजन 80 ग्रॅम. 2019 च्या रेझर व्हायपरला तर दोन्हीकडे कायमची होती, 69 ग्रॅममध्ये. मग वजन घटवायची चढाओढ लागली. 2020 चा लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट 63 ग्रॅमच्या आत आला, 2022 चा व्हायपर व्ही2 प्रो 58 वर, आणि दोन्हींत उजवीकडची बटणं गायब. ज्या माउसांवर स्पर्धक खेळतात तेच आम्हाला बंद झाले. शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून कुणी हात धरत नाही आता, मग इथे का?

तर लहान पंजाच्या डावखुऱ्यांनो, व्हायपर मिनी मिळाला तर तो, नाहीतर जी102. दुकानात उघडा पीस मागा, डाव्या हातात धरून दोनतीनदा उचला आणि अनामिका कुठे पडते ते बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानांत हातात देतात. मॉलमध्ये डेमो पीस बहुधा उजवीकडे वायरने बांधलेला असतो, तिथे आग्रह धरा. जी प्रो वायरलेस जुना मिळत असेल तर अवश्य घ्या, पण आधी विचारा की उजवीकडची जास्तीची बटणं आणि झाकणं सोबत आहेत का. उजव्या हाताच्या मालकाने ती खोक्यातून बाहेर काढलेलीही नसतात, आणि खोकं बहुतेक वेळा रद्दीत गेलेलं असतं.