सेक्स सॉर्टेड सिमेनची रेतन सर्व्हिस: कालवडीला भारी, उलटणाऱ्या गाईला नको

आमच्या गोठ्यात सगळ्या एचएफ (होल्स्टीन) गाई, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून गोऱ्ह्याला गिऱ्हाईकच नाही, औतालाही तो चालत नाही, नुसता दूध पिऊन डोक्याला ताप. म्हणून तालुक्यातल्या एका प्रायव्हेट रेतन सर्व्हिसकडून सेक्स सॉर्टेडच्या, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून मादीवाले शुक्राणू वेगळे काढलेल्या वीर्याच्या कांड्या (बारीक नळ्या) भरवायला लागलो.

डॉक्टर माणूस एकदम शिस्तीचा. आधी गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर वहीत बघतो, हिचा बाप कुठला वळू होता ते काढतो, तोच वळू परत नको म्हणून. मग थर्मामीटर लावून पाणी ३७ डिग्री, चिमट्यानं कांडी काढली की लगेच पाण्यात, ३० सेकंद मोजून, टिश्यूनं कोरडी पुसून मगच गनमधे. आधीचा एक जण कांडी तळहातावर चोळायचा राव!

वळू निवडताना आपण नुसतं दूध बघतो, पण पहिल्यांदा भरवायच्या कालवडीला ह्यानं वळूच्या आईचं दूध बाजूला ठेवून सोपं वेत देणारा वळू दिला, वासरू मोठं झालं की अडतं म्हणाला. पटलं. स्वतःच्या पोरींचं दूध मोजून पास झालेला वळू कुठला आणि नुसत्या जीनोमिक (डीएनएच्या) टेस्टवर निवडलेला कुठला हेपण सांगतो.

आता कालवडच होणार ह्याची गॅरंटी ९० टक्क्यांच्या आसपास. मादीवाल्या शुक्राणूत डीएनए साधारण ४ टक्के जास्त, त्यावरून मशीन वेगळे काढतं. शंभर टक्के म्हणणाऱ्याला दारातूनच वाटंला लावा. साध्या कांडीत २ कोटी शुक्राणू असतात, ह्यात २०-४० लाखच, त्यामुळं गाभण राहायचं प्रमाण कमी पडतं आणि माजाची वेळ चुकली की पैसे पाण्यात. सकाळी सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर संध्याकाळीच बोलवा. सारखी उलटणारी (भरवूनही गाभण न राहणारी) गाय असंल तर साधीच कांडी भरा, हे त्यानं स्वतःहून सांगितलं, धंदा सोडून.

तक्रार दोनच. रविवारी फोन उचलत नाही, गाय काय वार बघून माजावर येती का? आणि रेट जास्त, उलटली तर एक रुपया परत नाही. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमला देशी बनावटीचं सॉर्टिंग तंत्रज्ञान लाँच झालं तेव्हा डोसमागं २०० रुपये कमी होतील असं सांगितलेलं, म्हणून सरकारी दवाखान्यात आधी विचारून बघा.

५ पैकी ४ स्टार. एक रविवारचा कापला.