थायरॉइडची गाठ 'विरघळवणाऱ्या' कॅप्सूल: 18,640 गेले, वर धडधड पदरात

ऑनलाइन सल्लागार, मोफत तपासणी, 'आजच घेतलं तर सवलत'. हा सगळा प्रकार तुम्हाला माहीत आहे. मलाही होता. तरी 18,640 गेले.

गळ्याला सूज होती. सोनोग्राफीत गाठी दिसल्या, टीएसएच (थायरॉइडला हॉर्मोन बनवायला सांगणारा, रक्तात मोजतात तो) मात्र 2.1, म्हणजे नॉर्मल 0.4 ते 4 च्या आत. डॉक्टर म्हणाल्या, ग्रंथी वाढली म्हणून हॉर्मोन बिघडले असं नसतं. कमी, जास्त किंवा अगदी बरोबर, तिन्ही शक्य असतं. गोळी नको, लक्ष ठेवू. रोज आरशात सूज दिसत असताना 'सध्या काही नको' हे कुणाला पचतं, सांगा!

नेमकं तेव्हाच या ऑनलाइन सल्लागाराने गाठलं. व्हिडिओ कॉलवर गळा बघून म्हणे, "हॉर्मोन पार तळाला गेलेत." रिपोर्ट दाखवला तर म्हणे, "रक्तात दिसतात, पेशींत पोचत नाहीत." इथे! इथेच फोन कापायचा होता. छापील 2.1 समोर असताना गळ्याकडे बघून हॉर्मोन कोण मोजतं? पण तो घाई करत नव्हता, सगळं ऐकून घेत होता. घाबरलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

बाटलीवर 'आयोडीन 3 मिग्रॅ'. तीन म्हटलं की चिमूटभर वाटतं ना? मोठ्या माणसाची दिवसाची गरज 150 मायक्रोग्रॅम. ही एक कॅप्सूल 3,000 ची, आणि रोज दोन. चाळीस पट! गाठी असलेली ग्रंथी एवढ्या आयोडीनवर बेलगाम हॉर्मोन बनवू शकते. वजन उतरलं, हात थरथरायला लागले, रात्री छाती धडधडायची. तो म्हणाला, "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, डोस वाढवा." टीएसएच 0.02 आला, म्हणजे थायरॉइडचे हॉर्मोन गरजेपेक्षा जास्त. सूज होती तेवढीच. अंगात आयोडीन इतकं मुरलेलं, की थायरॉइड स्कॅनही पुढे ढकलला.

तक्रार? औषध खातं म्हणतं, हे औषध नाही, पूरक आहार. अन्न खातं म्हणतं, गाठ बरी करायचा दावा आहे ना, मग औषधवाल्यांकडे जा. पोलीस म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवले, माल मिळाला, मग फसवणूक कसली? बँकेचं तेच तुणतुणं. ऑनलाइन तक्रारीला एक लांबलचक क्रमांक मिळाला आणि मग मेसेज: 'तक्रार निकाली'. कुणी काढली, कशी काढली, विचारायला फोन नंबरच नाही! धडधड मला, आणि निकाल यांचा.

मिलिग्रॅमला हजाराने गुणा. टीएसएच न बघता निदान करणाऱ्याला ब्लॉक करा. असल्या कॅप्सूल चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, बाटलीच नेऊन दाखवा. आणि पैसे परत मिळतील म्हणून बंद बाटल्या जपून ठेवू नका. माझ्या सीलबंदही त्याने घेतल्या नाहीत.